चंचल कोण: लक्ष्मी की आपण?

आज लक्ष्मीपूजन. शेतांतून नवे धान घरी येण्याचे हे दिवस. गोंदियाच्या पेढ्यांवर आज वह्यांचे पूजन होईल. मुंबईच्या शेअर बाजारातही 1957 पासून दिवाळीत मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत.

लक्ष्मी चंचला आहे, असे आम्ही कीर्तनातून वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु संगणक कंपन्यांच्या समभागांचे भाव मोबाईलवर घटकेघटकेला पाहणारे तरुण दिसतात, तेव्हा चंचल खरोखर कोण, असा प्रश्न आम्हांस पडतो.

खानदेशातील अमळनेरचे उदाहरण घ्या. तेथे 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी स्थापिली. 1966 मध्ये ते निवर्तले आणि 21 वर्षांचे पुत्र अझीम शिक्षण अर्धवट टाकून परतले. 1980 च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली. तीच आजची विप्रो. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या जपले. बोनस समभागांनी ते वाढत गेले आणि साधी घरे कोट्यधीश झाली. ही वाट सरळ नव्हती. फेब्रुवारी 2000 मध्ये शिखरावर गेलेला भाव पुढे वर्ष-दीड वर्षात निम्म्याहूनही खाली आला होता. ज्यांनी कंपनीचे काम पाहिले, ते स्थिर राहिले. ज्यांनी केवळ भाव पाहिला, ते घाबरले.

मग धरून बसणे हेच पुण्य काय? नव्हे. 7 जानेवारी 2009 रोजी 'सत्यम'च्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एकाच दिवसात भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला. तेथे निष्ठा उपयोगी पडली नाही.

आमचा शेतकरी हा भेद जाणतो. रोवणी झाल्यावर तो रोज रोप उपटून मुळे पाहत नाही. पण तुडतुडा दिसला तर 'धीर धरतो' म्हणून बांधावर स्वस्थही बसत नाही. गीतेतील स्थितप्रज्ञ डोळे मिटलेला नाही. त्याची प्रज्ञा जागी आहे, म्हणूनच तो स्थिर आहे.

म्हणून सुज्ञ वाचकहो, कर्ज काढून किंवा लेकीच्या लग्नाचा पैसा गुंतवून या खेळात उतरू नका. उद्या लागणाऱ्या पैशाला धीर परवडत नाही. जे घ्याल ते समजून घ्या, वर्षातून एकदा हिशेब नीट तपासा, आणि मग भावाच्या लाटांकडे पाठ करून आपल्या कामाला लागा. विवेक आणि धैर्य एकत्र नांदतात, त्या घरी लक्ष्मीही स्थिरावते, अशी आमची श्रद्धा आहे.