शाळा उघडली, पण धाकट्यांची कधी?

४ ऑक्टोबर २०२१ला शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. माझा मुलगा नववीत, दप्तर घेऊन गेला. धाकटी दुसरीत, ती अजून घरीच. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिलीत गेली ती मोबाईलवरच. वर्गात बाकावर बसणं काय असतं, तिला ठाऊकच नाही.

घणसोली गावात आमच्यासारखी भाड्याच्या एका खोलीतली घरं कमी नाहीत. मोबाईल एकच, तोही मी कामावर नेतो. मी निघालो की दोघांची शाळा बंद. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरचा अभ्यास उघडेपर्यंत धाकटी झोपलेली. तिची आई सह्याद्रीवर 'टिलीमिली' लावायची, तेवढाच आधार.

परीक्षा न घेता पोरं वर ढकलली. कागदावर ती दुसरीत, पण जोडाक्षर आलं की अडते. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांनीही धडपड केली.

पण शाळा उघडल्यावर थेट दुसरीचं पुस्तक काढू नका. आधी बाराखडी, पाढे पक्के करा. आणि तोवर गावातल्या कॉलेजच्या पोरांनी मास्क लावून, मंडळाच्या खोलीत पाच-सहा लहानग्यांना रोज तासभर बसवावं. खोलीचं मी बघतो. शिकवायला कोण येतंय, बोला!