चारशे रुपयांची केसिंग जरूर घ्या, पण एकाच डिस्कच्या भरवशावर धंदा ठेवू नका



लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्ड डिस्क केसिंगमध्ये कशी बसवायची, हे व्हिडिओत दाखवलंच आहे. कुणी त्याला एन्क्लोजर म्हणतं, कुणी नुसतं कव्हर म्हणतं, आपण केसिंग म्हणू. झाकण सरकवायचं, डिस्क कनेक्टरमध्ये दाबायची, झाकण लावायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पण डिस्क बसवल्यावर तिचं काय करायचं, यावर माझं एक ठाम मत आहे आणि ते व्हिडिओत मावलं नाही. म्हणून इथे लिहितो.

मुखेडच्या एका बॅचमध्ये लग्नाचं शूटिंग करणारा एक तरुण होता. कामाला चांगला, बोलायला गोड. त्याने लॅपटॉपला नवीन एसएसडी टाकली आणि जुनी 500 जीबीची डिस्क केसिंगमध्ये घातली. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे लॅपटॉप भरायला लागला, तशी तीन सीझनची सगळी लग्नं त्याने त्या डिस्कवर हलवली आणि लॅपटॉपवरून डिलीट केली. म्हणाला, "सर, बॅकअप घेतला." एका दुपारी एडिटिंग चालू असताना वायरीत पाय अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. मला फोन आला, "सर, डिस्क लावली की टक-टक आवाज यायलाय, आणि लॅपटॉपवर काहीच दिसंना झालंय."

रिकव्हरीचा जो खर्च सांगितला गेला, त्यात त्याची नवी लेन्स आली असती, आणि खात्री तरीही नव्हती. पैशाचं एक वेळ सोडा. त्या डिस्कवरच्या एका लग्नातल्या नवरीचे वडील नंतर वारले होते. त्या घरून निरोप आला की बाबांचे फोटो परत एकदा काढून द्या. त्याला "नाहीत" म्हणावं लागलं. आपल्या भागात लग्नाची ऑर्डर जाहिरातीवर मिळत नाही, पाहुण्यारावळ्यांच्या शब्दावर मिळते. त्या एका "नाहीत"ची किंमत त्याला किती पडली असेल, तुम्हीच विचार करा.

यात चूक केसिंगची होती का? नाही. चूक "बॅकअप" या शब्दाची होती. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवलं, म्हणजे बॅकअप झाला नाही. ते सामान हलवणं झालं. बॅकअप म्हणजे तीच फाईल एकाच वेळी दोन ठिकाणी असणं. माझं मत एवढंच आहे: केसिंगमधली डिस्क ही दुसरी प्रत ठेवायला घ्या, पहिली प्रत ठेवायला कधीच नाही.

मग रेडीमेड एक्स्टर्नल डिस्क का घ्यायची नाही?

घ्या, पैसे असतील तर जरूर घ्या. पण सुरुवात करणाऱ्याला मी केसिंग का सुचवतो, त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं. रेडीमेड छोट्या डिस्कमध्ये बऱ्याच वेळा यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच जोडलेला असतो. पोर्ट तुटला की आतली डिस्क चांगली असूनही डेटा काढायला कारागीर शोधावा लागतो. केसिंगचा पोर्ट तुटला तर नवीन केसिंग आणायची, डिस्क त्यात घालायची, विषय संपला.

दुसरं. डिस्क तुमच्याकडे आधीच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि अनेक दुकानांतले, सेवा केंद्रांतले जुने कॉम्प्युटर मोडीत निघायला लागले. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, जुनं मशीन डिस्कसकट विकू नका. त्यावर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुकचे स्कॅन असतात. फाईल डिलीट केली तरी साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. डिस्क काढून घ्या आणि मगच मशीन द्या.

तिसरं. "16 टीबी, फक्त नऊशे नव्व्याण्णव" असल्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. या भावात 16 टीबी जगात कुठेच मिळत नाही. आत साधं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवायची सोय केलेली असते. फाईल कॉपी झाल्यासारखी दिसते, नंतर उघडत नाही. डिस्क वेगळी, केसिंग वेगळी घेतली की काय घेतलं ते डोळ्यांनी दिसतं.

पण जुनी डिस्क ही जुनीच असते, हेही मान्य करा. केसिंगमध्ये घातली की आधी क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून तब्येत बघा. "गुड" दाखवलं तर पुढे जा. "कॉशन" दाखवलं तर त्या डिस्कवर चारशे रुपयेही घालू नका.

घेताना काय बघायचं

बाजारात जाताना डिस्क सोबत न्या. नांदेडला जा नाहीतर उदगीरला, दुकानातच बसवून, लावून बघा. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, डेस्कटॉपची साडेतीन इंची असते. अडीच इंचीला यूएसबीमधूनच वीज मिळते. साडेतीन इंचीला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि कॉपी चालू असताना वीज गेली तर फाईल अर्धवट राहते, कधी आख्खी डिस्कच वाचता येईनाशी होते. म्हणून साडेतीन इंची वापरायची तर यूपीएसवरच.

जाडी बघा. लॅपटॉपच्या डिस्क साधारण 7 किंवा 9.5 मिलीमीटर जाडीच्या असतात. फक्त 7 साठी केलेल्या केसिंगमध्ये 9.5 ची डिस्क बसत नाही आणि लोक झाकण दाबून बसवायला जातात. दाबू नका.

पातळ पट्टीसारखी एम.2 एसएसडी असेल तर आणखी सांभाळून. तिचे दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळपास सारख्याच. कनेक्टरच्या टोकाला सहसा साटाला दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. एका प्रकारची केसिंग दुसऱ्याला चालतेच असं नाही. दोन्ही चालणाऱ्या केसिंग मिळतात, पण डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या. एनव्हीएमई तापते, म्हणून तिला ॲल्युमिनियमची केसिंगच बरी.

वेगाच्या नादी लागू नका. फिरणारी जुनी हार्ड डिस्क मुळात सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास चालते. तिला 10 जीबीपीएसची महागडी केसिंग घेणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. पण यूएसबी 2.0 चीही घेऊ नका. त्यावर 100 जीबी कॉपी करायला पाऊण तासाच्या पुढे वेळ जातो, यूएसबी 3.0 वर तेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. काम लांबलं की माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस बॅकअप घेत नाही.

माझा अनुभव असा की केसिंगमध्ये सगळ्यात आधी पोर्ट ढिला होतो आणि वायर खराब होते. म्हणून शक्यतो टाइप-सी पोर्टवाली घ्या. वायर आखूड आणि चांगली असू द्या. "डिस्क दिसत नाही" म्हणून आलेल्यांना मी आधी तीन गोष्टी करायला सांगतो: वायर बदला, हब काढून थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. बऱ्याच डिस्क तेवढ्यावर उठून बसतात.

अडीच इंचीची साधी केसिंग तीनशे-चारशेपासून हजारापर्यंत मिळते. पक्कं बिल घ्या. हा धंद्याचा खर्च आहे, तो वहीत दिसला पाहिजे.

वापरताना

जुनी डिस्क काढण्याआधी एक गोष्ट तपासा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर आपोआप चालू असतं. तशी डिस्क बाहेर लावली की ती 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती की आधी लिहून ठेवा. मशीन गेल्यावर शोधत बसाल तर रडाल.

डिस्क लावल्यावर विंडोजने "फॉरमॅट करायची का?" असं विचारलं आणि आत तुमचा डेटा असेल, तर "कॅन्सल" दाबा. घाबरून "हो" दाबणारे मी खूप पाहिलेत. नव्याने फॉरमॅट करताना फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस ठेवा. मॅक किंवा मोबाईललाही लावायची असेल तर एक्सफॅट. फॅट32 नको, कारण त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, आणि लग्नाचा एक व्हिडिओच त्यापेक्षा मोठा असतो.

डिस्क फिरत असताना उचलायची नाही, हलवायची नाही. टेबलाच्या कडेला ठेवायची नाही. काढताना "सेफली रिमूव्ह" करूनच काढा. टक-टक आवाज आला तर लगेच वायर काढा, परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. टॅलीचा चालू डेटा थेट केसिंगमधल्या डिस्कवर ठेवून काम करू नका. काम मशीनवर करा, बॅकअप डिस्कवर घ्या. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसला मशीनसोबतच सापडते.

तिसरी प्रत गावाबाहेर

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने 3-2-1 हा नियम लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम एका फोटोग्राफरकडून आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या धंद्याचा माल परत तयार करता येत नाही, त्यालाच प्रतीची किंमत कळते. एकदा लागलेलं लग्न परत लागत नाही.

दुसरी जागा कशाला, असं विचाराल तर मुखेडकरांना सांगायची गरज नाही. ऑगस्ट 2025 मधला पाऊस आठवा. लेंडी धरणाच्या बाजूची रावणगाव, हसनाळ ही गावं पाण्यात गेली. माणसं गेली, जनावरं गेली. त्या दुःखापुढे डिस्क काहीच नाही. पण जी घरं वाचली त्यांनाही पुन्हा उभं राहायला कागद लागले, उधारीच्या याद्या लागल्या, मालाची बिलं लागली. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असतील तर पाणी दोघांनाही सोडत नाही. म्हणून एक डिस्क उदगीरच्या मेहुण्याकडे ठेवा, देगलूरच्या बहिणीकडे ठेवा. सासुरवाडीला जाताना एक घेऊन जा, दुसरी घेऊन या. जाणं-येणं होतच असतं, तेवढंच धंद्याचं काम होईल.

"सर, आता क्लाऊड आहे की." आहे. टॅलीचा बॅकअप, बिलं, ग्राहकांच्या याद्या जरूर क्लाऊडवर ठेवा, ती तुमची तिसरी प्रत झाली. पण गुगलवर फुकट जागा 15 जीबी मिळते आणि एका लग्नाचं शूटिंग सहज शंभर जीबीच्या पुढे जातं. आपल्याकडच्या नेटवर ते चढवायला बसलात तर पुढचं लग्न येईल. ज्याचा डेटा छोटा त्याने क्लाऊड वापरा, ज्याचा मोठा त्याने दोन केसिंग.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. कायद्याने हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपायच्या असतात. म्हणजे सहा वर्षं. एवढ्या काळात तुमचा लॅपटॉप एकदा तरी बदलणारच. "सर, जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

आजपासून काय करायचं

आठवड्याचा एक वार ठरवा. तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस धरा, म्हणजे विसरणार नाही. त्या संध्याकाळी कॉपी घ्या आणि डिस्कवर कागद चिकटवून तारीख लिहा. महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी जुनी फाईल उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली नोटांची गड्डी. वर्षातून एकदा, 31 मार्चला, आख्ख्या वर्षाची वेगळी प्रत काढा. योगायोग बघा, जगात 31 मार्च हाच बॅकअप दिन म्हणून पाळतात, आणि आपलं हिशेबाचं वर्षही त्याच दिवशी संपतं.

ऑर्डर घेतानाच ग्राहकाला लिहून द्या की तुमचा डेटा आम्ही अमुक महिने दोन ठिकाणी जपू, आणि त्याचा खर्च तुमच्या भावात धरा. स्वस्तात काम करणाऱ्यापेक्षा तुम्ही वेगळे का, हे सांगायला याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

तो मुखेडचा तरुण आता दोन केसिंग वापरतो. एक दुकानात, एक मामाच्या घरी. नवीन ग्राहकाला अल्बम दाखवायच्या आधी तो त्या दोन डिस्कबद्दल सांगतो. त्या नवरीच्या घरी मात्र तो अजून गेलेला नाही.

तुमची दुसरी डिस्क आज कुठे आहे? उत्तर "नाही" असेल, तर येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत ती असू द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत.