चहातून मुलाचे लक्ष वाढते का?

चहातल्या नैसर्गिक घटकाने चंचल मुलाचे लक्ष टिकते, असे सांगून आज गोळ्या आणि पावडरी विकल्या जातात. 'नैसर्गिक' शब्द ऐकला की आपला विश्वास लगेच बसतो. म्हणून आधी तपासून पाहू.

हा घटक म्हणजे थिअनिन. जपानमध्ये १९४९ साली तो हिरव्या चहाच्या पानात सापडला. चहाने तरतरी येते ती कॅफिनमुळे. थिअनिन त्या उत्तेजनेला थोडे शांत करते. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, एका जागी न बसणे, विचार न करता कृती करणे. अशा मुलांवर या घटकांचे प्रयोग झाले आहेत, हे खरे.

पण ते प्रयोग किती मोठे? कॅनडात ८ ते १२ वर्षांच्या ९८ मुलग्यांवर एक अभ्यास झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना सहा आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम थिअनिन दिले. फायदा दिसला तो झोपेत. २०२० चा एक अभ्यास तर फक्त पाच मुलग्यांवरचा. थिअनिन आणि कॅफिन एकत्र दिल्यावर त्यांचे लक्ष थोडे सुधारले. पण नुसते थिअनिन दिल्यावर स्वतःला आवरण्याची क्षमता उलट कमी होण्याकडे कल दिसला. पाच मुलांवरून लाखो मुलांचा उपचार ठरवता येत नाही.

आता आपल्या घरचा हिशेब करा. एका कपात थिअनिन फार तर २५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ४०० मिलिग्रॅमसाठी सोळा कप! तेवढे कॅफिन पोटात गेले तर मूल रात्रभर जागे राहील. आणि झोप न झालेले मूल दुसऱ्या दिवशी जास्तच चिडते, जास्तच धावते.

दुसरा तोटा आपल्या लक्षातच येत नाही. आपली कितीतरी मुले सकाळी चहा-चपाती किंवा चहा-पाव खाऊन शाळेत जातात. जेवणाबरोबर घेतलेला चहा डाळ, भाकरी, पालेभाजीतले लोह नीट अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची शंभरातली ६७ मुले रक्तक्षयी आढळली. रक्त कमी असलेले मूल थकते आणि त्याचे वर्गात लक्ष लागत नाही. म्हणजे लक्षासाठी दिलेला चहाच लक्ष घालवू शकतो. मुलाला चहा नकोच. न्याहारीला उसळ-भाकरी आणि वर लिंबू पिळा. लिंबाने लोह चांगले शोषले जाते.

प्रत्येक मस्तीखोर मूल एडीएचडीचे नसते. त्रास बारा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा महिन्यांहून जास्त टिकलेला आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसणारा असेल, तर तपासणी हवी. रक्त, कान आणि डोळेही तपासून घ्या.

त्यासाठी खाजगी दवाखान्यात पैसे ओतायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि एडीएचडी त्या यादीत आहे. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येते. ते आले की मुलाचा त्रास स्पष्ट सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत मराठीतही बोलता येते.

उपचारात आधी येते ते पालकांचे आणि शिक्षकांचे वागणे: एका वेळी एकच सूचना, ठरलेली वेळ, पुढचा बाक, जमलेल्या गोष्टीचे लगेच कौतुक. गरज पडल्यास डॉक्टर मेथिलफेनिडेटसारखे औषध देतात. त्याने भूक, झोप कमी होऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. पण 'मेंदूचे औषध' म्हणून घाबरून ते टाळायचे आणि बिनतपासाची पावडर मात्र द्यायची, यात शहाणपण नाही.

'ढ' आणि 'वांड' हे शिक्के मारून कितीतरी मुले मागच्या बाकावर बसवली जातात आणि पुढे शाळेबाहेर जातात. जी घरे पहिल्यांदाच शिकत आहेत, त्यांना हे परवडणारे नाही. मुलाला मारू नका, चहा पाजू नका, तपासायला न्या.