सरदारांच्या वाड्यातली आंबट फळे

गेल्या मे महिन्यात भाच्याकडे जपानला जाण्याचा योग आला. पोरगा हिरोशिमाला नोकरीला असतो. म्हणाला, ‘‘मामा, टोकियोच्या उंच इमारती तुम्ही फोटोत पाहिल्या आहेत. तुम्हाला हागी दाखवतो.’’ गावाच्या नावाला हसू नका, मंडळी. त्यांच्या भाषेत हागी हे जांभळट फुलांच्या एका झुडपाचे नाव आहे.

गाव होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाकडे, समुद्राला लागून. नदीचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या बेचक्यातल्या सपाट जमिनीवर ते वसले आहे. चढ-उतार नाही, म्हणून पाहुण्यांना सायकलीवरून हिंडवतात. आमचा वाटाड्या सत्तरी ओलांडलेला, निवृत्त शाळामास्तर. तो पुढे, मधे मी, मागे दुभाषा म्हणून भाचा. रस्त्याची डावी बाजू धरायची ती आपल्यासारखीच. सायकलीची सवय सुटल्याचे मात्र गुडघ्यांनी लगेच सांगितले.

आधी किल्ला पाहिला. आता तिथे खंदक आणि दगडी तटच उरले आहेत. वरची पाच मजली इमारत १८७४ सालीच पाडली. मोरी घराण्याने हा किल्ला १६०४ साली उभारला. त्याआधी, १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत, हे घराणे हरणाऱ्या बाजूला होते. मुलूख कापला गेला आणि अकरा लाखांवर कोकूंची दौलत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आली. कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, सुमारे दीडशे किलो. राजाची श्रीमंती तिकडे तांदळात मोजत. पदरच्या सामुराईंचे वेतनही तांदळातच. तो पिकवणारा कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

किल्ल्यातून बाहेर पडलो ते सरदारांच्या आळीत. दोन्ही बाजूंना दगडमातीच्या जुन्या भिंती, आणि भिंतीवरून डोकावणारी पिवळीधमक फळे. त्याच झाडांवर पांढरी फुलेही. सगळी गल्ली मोसंबीच्या बागेला बहार यावा तशी घमघमत होती. मी ब्रेक दाबला. सरदाराच्या वाड्यात ही बाग कोणी लावली?

मास्तरांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सगळी हकीकत सांगितली. १८६८ साली जपानात जुनी राजवट उलथली, त्यात याच गावचे तरुण पुढे होते. योशिदा शोइन नावाच्या गुरूची पाठशाळा इथलीच. त्या गुरूला १८५९ मध्ये देहदंड झाला, पण शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला त्याचा शिष्य इतो हिरोबुमी १८८५ साली देशाचा पहिला पंतप्रधान झाला. आता गंमत पाहा. नव्या सरकारात हागीची माणसे मोठ्या जागी, आणि त्याच सरकारने १८७६ मध्ये सामुराईंचे पिढीजात वेतन बंद करून हाती रोखे ठेवले. त्याच वर्षी माएबारा इस्सेईच्या पुढारपणाखाली इथे बंड झाले. ते चिरडले गेले. त्याला मृत्युदंड झाला.

राहिलेल्यांनी खायचे काय? तलवारीखेरीज हाताला दुसरे काम ठाऊक नाही. अशा वेळी ओबाता ताकामासा नावाचा गावचाच एक जुना अधिकारी नोकरी सोडून परत आला. पपनसाच्या कुळातले ‘नात्सुमिकान’, म्हणजे उन्हाळी संत्रे, त्या भागात काही परसांतून होते. त्याने बी पेरून रोपे केली आणि मोकळ्या पडलेल्या वाड्यांतून बागा लावायला लोकांना उभे केले. शत्रूला अडवायला बांधलेल्या भिंती समुद्रावरचा वारा अडवू लागल्या. फळ ओसाकाकडे जाऊ लागले आणि घरे सावरली. वाड्याच्या जागी बाग राहिली म्हणून नव्या इमारती उठल्या नाहीत, रस्ते जुन्या नकाशाप्रमाणेच राहिले. १९७६ साली सरकारने या वस्त्या जतनासाठी राखल्या आणि २०१५ मध्ये किल्ल्याखालची पेठ जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पुढे एका आळीत रस्ता कोयंड्यासारखा काटकोनात वळतो. हल्लेखोराला पुढचे दिसू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला. तिथे घंटी वाजवावी लागते. मग आइबा नावाचा पाट लागला. वस्तीतून वाहतो, घरोघरी पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या, पाण्यात मोठाले रंगीत मासे. शेताला पाणी, घरात धुण्याला पाणी, आग लागली तर विझवायला तेच. एका घरात तर पाट थेट आत घेऊन पुन्हा बाहेर सोडला आहे. आमच्या गावच्या पाटाची आठवण झाली आणि गप्प बसलो.

शेवटी मास्तरांनी आपल्या परसात नेले. पूर्वी बारा झाडे होती, आता तीन. १९७१ साली परदेशी ग्रेपफ्रूटला बाजार मोकळा झाला, गोड जातीही आल्या, या आंबट फळाला पूर्वीचा भाव राहिला नाही. मुलगा ओसाकाला. तो नव्या वर्षाला येतो. तेव्हा फळ पिवळे दिसते, पण दात आंबतील इतके आंबट. झाडावरच ठेवले की उन्हाळ्याच्या तोंडाला खाण्याजोगे होते, तोवर मुलगा केव्हाच परतलेला असतो. खालची फळे मास्तर तोडतात. शिडी चढणे आता होत नाही, म्हणून शेंड्याची तशीच गळतात.

मी चप्पल काढून बुंध्याला हात घातला. भाच्याने माझी बाही धरली. ‘‘मामा, उतरा खाली. वय काय तुमचे!’’ आणि स्वतःच वर चढला. वरून एकेक फळ देऊ लागला, मी झेलू लागलो, मास्तर सायकलीच्या टोपलीत रचू लागले. अकरा निघाली. त्यांतली सहा त्यांनी आमच्या पिशवीत कोंबली. एक तिथेच सोलले. साल जाड, आत बिया भरपूर. आंबट होते, पण मागून गोडी येत होती.