‘पायाने मळतात म्हणून पाव’ : एका खोट्या व्युत्पत्तीची उलटतपासणी

१/
चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे सिमेंटचे गाव. ज्वारीची भाकरी आणि भात यांवर वाढलेल्या या मुलखातही आता घरी पाव भाजण्याची हौस पोहोचली आहे. त्या हौसेबरोबर एक संदेशही फिरतो : ‘बेकरीत पीठ पायाने तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात. घरीच भाजा, शुद्ध खा.’ हा थ्रेड त्या संदेशाविषयी आहे. 🧵

२/
प्रथम शब्द पाहू. मराठीत चालण्याच्या अवयवाला ‘पाय’ म्हणतात. ‘पाँव’ हिंदीत म्हणतात. मराठीत ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा. म्हणजे ही व्युत्पत्ती उभी करण्यासाठी आधी हिंदीतून पाय उसना आणावा लागतो! मराठी खाद्यपदार्थाचे नाव हिंदी अवयवावरून का पडावे, याचे उत्तर संदेशात नाही.

३/
खरे उत्तर सरळ आहे. रोटीला पोर्तुगीज भाषेत ‘पाँव’च्या जवळ जाणारा शब्द आहे आणि तो लॅटिन ‘पानिस’पासून आला. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. शब्द आणि पदार्थ दोन्ही त्यांच्याबरोबर आले. गोव्यात पाव करणारा तो ‘पोदेर’, हाही शब्द पोर्तुगीजच.

४/
कोणाला अजून शंका असेल तर त्याने जपानकडे पाहावे. तेथेही सोळाव्या शतकात पोर्तुगीज पोहोचले आणि तेथेही पावाला आजतागायत ‘पान’ म्हणतात. जपानी भाषेत या शब्दाचा पायाशी काडीचाही संबंध नाही. एकच शब्द दोन किनाऱ्यांवर उतरला. एका किनाऱ्यावर त्याला पाय फुटले, ते का फुटले हा इतिहासाचा प्रश्न आहे.

५/
पायाने पीठ तुडवण्याची पद्धत जगात कोठेच नव्हती असे नाही. इजिप्तचे लोक कणीक पायांनी आणि चिखल हातांनी मळतात, असे हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवले. जपानात उडोन नावाच्या शेवयांचे घट्ट पीठ आजही तुडवले जाते. त्यामुळे तेथील लोकांनी उडोनला अपवित्र ठरवले नाही. मग आपल्याकडेच ही किळस एवढी टिकाऊ का?

६/
‘पाव परदेशी म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. मिरचीही पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आली. तिला कोणी बाटगी म्हटले नाही. ती थेट ठेच्यात आणि वऱ्हाडी रश्श्यात जाऊन बसली. फरक एवढाच की मिरची शेतात पिकते, पाव मात्र कोणाच्या तरी हाताने मळावा लागतो. आक्षेप पिठावर नव्हता. तो हातावर होता.

७/
जातिव्यवस्थेत पाण्यात शिजवलेले वा मळलेले अन्न कोणाच्या हातचे चालते याचे कडक नियम होते. पाव त्या नियमांना दोन्ही बाजूंनी छेद देई. तो परजातीच्या, परधर्माच्या हाताने मळलेला असे. आणि गोव्यात तो फुगवण्यासाठी माडाची ताडी, म्हणजे सूर, वापरली जाई. जे आंबवण त्याला हलका करी, तेच त्याला निषिद्धही करी.

८/
वसई-गोव्याकडे सांगितली जाणारी कथा प्रसिद्ध आहे : पाद्र्यांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गाव ते पाणी प्याले आणि सारे गाव बाटले. धर्मांतराचा दस्तऐवजी इतिहास याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. त्यात १५६० मध्ये गोव्यात आलेले इन्क्विझिशन आहे, देवळांवरचे घाले आहेत, सत्तेचे दडपण आहे. तरीही ही कथा नीट वाचण्यासारखी आहे.

९/
कारण या कथेत पाव एकटा काहीच करू शकत नाही. पाण्यात भिजलेल्या तुकड्यात कोणाचा धर्म बदलण्याची शक्ती नसते. ती शक्ती येते ‘आता तुम्ही आमचे नाही’ असे सांगणाऱ्या स्वकीयांकडून. पाव टाकणारा एक, बहिष्कार टाकणारे अनेक. कथा सांगताना पहिल्याचे नाव घेतले जाते. दुसऱ्यांचे कोणी घेत नाही.

१०/
हे ज्यांना उमगले होते असे मराठी लोक एकोणिसाव्या शतकातच होते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुखांपैकी एक. मराठी व्याकरणकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजीही काही काळ या सभेत होते. सभा गुप्त होती, आणि तिच्या प्रवेशविधीत पाव होता.

११/
नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. तेवढे केले की जातिभेद न मानण्याची त्याची शपथ खरी ठरे. शास्त्रार्थ नाही, लांब व्याख्यान नाही. पावाचा एक घास. त्या काळी हा घास जातीबाहेर टाकले जाण्याइतका महाग होता.

१२/
तो किती महाग होता हे सभेच्या शेवटावरून कळते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले. नावे फुटणार या धास्तीने सभा विस्कळीत झाली. सरकारी दडपशाही नव्हती, तुरुंग नव्हता. शेजारी, नातलग आणि जातपंचायत यांचीच भीती होती. तिच्यातील काही मंडळी पुढे १८६७ च्या प्रार्थना समाजात दिसतात.

१३/
हा धाक पुढेही ओसरला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. उच्च न्यायालयाच्या वाटेवरचा माणूसही कपभर चहापासून सुटला नाही, तिथे सामान्याची काय कथा!

१४/
आता ‘पायाने मळतात’ हे वाक्य पुन्हा वाचावे. मुंबई-कोकणात पावाच्या भट्ट्या प्रामुख्याने गोव्याकडचे ख्रिस्ती, इराणी आणि मुसलमान यांनी चालवल्या. ‘त्यांच्या हातचे नको’ असे उघड म्हणणे आज अवघड झाले आहे. म्हणून हाताच्या जागी पाय आला आणि विटाळाच्या जागी ‘हायजीन’. कपडे बदलले, देह तोच राहिला.

१५/
यावर एक आक्षेप येईल : बेकऱ्या खरोखरच अस्वच्छ नसतात काय? काही असतात, तशी काही हॉटेले आणि भोजनालयेही असतात. त्यासाठी अन्नसुरक्षेचा कायदा आहे, तपासणी आहे. ती कडक व्हावी. पण भाजताना पावाचा गाभा ९० अंशांच्या वर तापतो, हेही लक्षात ठेवावे. आणि २०१६ मध्ये दिल्लीत पावांची तपासणी झाली तेव्हा सापडले ते काय?

१६/
सापडले पोटॅशियम ब्रोमेट, आणि तेही नामांकित कंपन्यांच्या पाकिटबंद पावात. त्याच वर्षी त्यावर बंदी आली. पावातला सिद्ध झालेला दोष कारखान्यातल्या रसायनाचा होता. किळस मात्र कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याच्या वाट्याला आली. स्वच्छतेची चिंता खरी असती तर आधी वेष्टनावरील घटक वाचले गेले असते.

१७/
मग घरी पाव भाजू नये काय? अवश्य भाजावा. पिठाइतका चांगला शिक्षक नाही. गव्हात ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि आंबताना निघणारा वायू त्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो. ज्वारीत ते जाळे होत नाही; म्हणूनच भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते. चार वाट्या गव्हात एक वाटी ज्वारी मिसळली की पाव थोडा बसतो, पण चव आपल्या मातीची येते.

१८/
चंद्रपूरच्या मे महिन्यात पुस्तकातले वेळापत्रक चालत नाही. पारा ४५ च्या वर गेला की दीड तासाचे फुगणे त्याहून खूप आधी आटोपते आणि पीठ आंबट होऊन बसते. थंड पाणी, कमी यीस्ट आणि पहाटेचे मळणे हा त्यावरचा उपाय. आंबील करणाऱ्या घराला यात नवे काही नाही. आंबवणे परके नाही. आंबील, आंबोळी, जिलबी सर्व त्याच कुळातली.

१९/
गडचांदूरला तर ‘आपले’ आणि ‘परके’ यांची शिकवण कोणी देऊ नये. राजुऱ्याचा हा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. माणसे जागची हलली नाहीत. राज्य बदलले, जिल्हा बदलला. गोंडी, तेलुगू, मराठी आणि दखनी एकाच बाजारात बोलल्या गेल्या. पुढे सिमेंटने देशभरचे कामगार आणले. अशा गावात शुद्ध चूल शोधणे म्हणजे पिठातून पाणी वेगळे काढणे.

२०/
तेव्हा घरचा पाव चवीसाठी भाजावा, हौसेसाठी भाजावा, मुलांना पीठ फुगताना पाहू द्यावे म्हणून भाजावा. ‘त्यांच्या हातचे नको’ म्हणून भाजू नये. १८४९ मध्ये काही मराठी माणसांनी दुसऱ्याच्या हातचा पाव खाऊन जात नाकारली. पावणेदोनशे वर्षांनी स्वतःच्या हातचा पाव खाऊन ती परत आणायची असेल, तर पीठ फुगेल. माणूस मात्र तेवढाच आक्रसेल.

(समाप्त)