निळ्या रेघा आणि गुपितं

ट्राउटच्या मागे लागलेल्या जाणत्या मंडळींचा एक लाडका नियम आहे. जंगली ट्राउटचा ओढा सापडला तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हल्ली या नियमाला राग येऊन चिकटलाय. ऑनलाइन नकाशांनी म्हणे सगळ्याचं वाटोळं केलं! पूर्वी एकेक ओढा शोधायला वर्षं जायची, आता कोणीही उठतो, स्क्रीनवर बोट ठेवतो आणि शनिवारी गळ घेऊन हजर.

मला हा राग मुळीच पटत नाही. निदान मी जिथे मासे पकडतो त्या पेनसिल्व्हेनियात तरी नाही.

नातेवाईक मंडळींसाठी थोडा खुलासा. इथल्या बऱ्याच ओढ्यांत सरकार हॅचरीत वाढवलेले ट्राउट आणून सोडतं. जंगली म्हणजे ओढ्यातच जन्मलेला. त्यातला ब्रुक ट्राउट इथला मूळ रहिवासी, १९७० पासून राज्याचा अधिकृत मासा. (ब्राऊन ट्राउट एकोणिसाव्या शतकात युरोपातून आला आणि इथलाच झाला. आमच्यासारखाच :) ) डोंगरातल्या ओढ्यात तो जेमतेम वीतभर असतो. पकडून परत सोडतो आम्ही. त्यावर "मग पकडता कशाला?" हा मावशीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

आता 'स्क्रीनवर बोट' म्हणजे नक्की काय? जुन्या सरकारी टोपो नकाशांवरच्या बारीक निळ्या रेघा बघायच्या. उंचीच्या रेषा दाटीने आल्या की चढ तीव्र, म्हणजे पाणी खळाळतं. मग हिवाळ्यातलं उपग्रहचित्र. बाकीची झाडं उघडी असताना ओढ्याकाठी गडद हिरवा पट्टा दिसला तर बहुधा हेमलॉक, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी. ब्रुक ट्राउटला पाणी वीस अंशांच्या आतलं लागतं. ओढ्याचा तळ नारिंगी दिसला तर वर कुठेतरी बंद पडलेली कोळशाची खाण पाझरतेय, तिकडे फिरकूच नये. जमीन सरकारी जंगलाची की खाजगी, हेही बघायचं. एवढं करून चार मैल चालायचं आणि पाचपैकी तीन ओढे कोरडे निघायचे. ही आयती मिळालेली माहिती?

राज्याचं मत्स्य खातं तर स्वतःच जंगली ट्राउटच्या ओढ्यांचा नकाशा प्रसिद्ध करतं. जाणत्यांचा खरा राग त्याच्यावर आहे, आणि तिथेच त्यांचं चुकतं.

या राज्यात ऐंशी हजार मैलांहून जास्त ओढे-नद्या आहेत. त्यातले असंख्य लहान ओढे कोणी कधी तपासलेच नव्हते. २००८ च्या सुमारास मार्सेलस शेलमधल्या गॅसची धांदल सुरू झाली, डोंगरांत रस्ते, पाइपलाइनी, विहिरी आल्या. २०१० मध्ये खात्याने कॉलेजं आणि संस्थांना सोबत घेऊन न तपासलेल्या ओढ्यांची मोजणी हाती घेतली. पाठीवर यंत्र, पाण्यात विजेचा सौम्य झटका, गुंगलेले मासे मोजायचे आणि सोडायचे. ओढ्यात जंगली ट्राउट असल्याची नोंद झाली की काठच्या पाणथळ जागेला कडक संरक्षण मिळतं. हेक्टरी तीस किलो ब्रुक ट्राउट भरले तर ओढा 'अ' वर्गात, आणि मग त्याचं पाणी 'उच्च प्रतीचं' ठरायची वाट मोकळी होते. परवानगी मागणाऱ्याला ते टाळता येत नाही.

नोंद नसेल तर ट्राउटच्या नावाने यातलं काहीच मिळत नाही. तुमचं गुपित फक्त दुसऱ्या गळवाल्यापासून ओढा वाचवतं, बुलडोझरपासून नाही. मासे शरद ऋतूत खड्यांमध्ये अंडी घालतात. वरच्या कच्च्या रस्त्याची माती वाहून खड्यांत बसली की अंडी गुदमरतात. त्या मातीला कोणी शपथ घातलेली नसते.

हो, माशाच्या फोटोखाली ओढ्याचं नाव टाकून फेसबुकवर मिरवणारे मलाही आवडत नाहीत. ते सगळ्या गर्दीला एका ओढ्यावर धाडतात. (म्हणून इथेही एकही नाव नाही.) पण हजारो रेघा दाखवणारा नकाशा गर्दी पांगवतो. हा फरक जाणत्यांना कळत नसेल असं मी मानत नाही. कळतो, पण वर्षानुवर्षं एकट्याने उपभोगलेला ओढा सोडवत नाही.

यादीत नवे ओढे घालण्याचे प्रस्ताव 'पेनसिल्व्हेनिया बुलेटिन'मध्ये छापून येतात आणि कोणीही मत कळवू शकतं. आपला ओढा त्यात दिसला तर जाणत्यांनी चार ओळी लिहाव्यात, बाजूने.