गुणपत्रिकेबाहेरचें शिक्षण

दहावीची परीक्षा आटोपली कीं घरोघरीं एकच चर्चा सुरू होते : कला, वाणिज्य कीं विज्ञान? तिन्ही शाखा चांगल्याच आहेत; परंतु पुढील दोन वर्षें आपल्या शाखेच्या पुस्तकांपलीकडे पाहावयाचेंच नाहीं, ही जी समजूत रूढ झाली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

हा विचार नवा नव्हे. १९३७ सालीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेनें हाताच्या कामाभोंवतीं शिक्षण गुंफण्याचा पुरस्कार केला. १९६८ मध्यें जिनीव्हा येथें स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेच्या पदविकेसाठीं सहा विषयांबरोबरच स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध लिहावा लागतो. शिवाय कला, व्यायाम व सेवा यांतही भाग घ्यावा लागतो. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंही शाखाशाखांमधील भिंती कठोर नसाव्यात, असेंच म्हटलें आहे.

‘अशा शाळांची फी आम्हांस झेपणारी नाहीं,’ असें पालक म्हणतील. तें खरें आहे. पण प्रश्न विचारण्यास फी कोठें पडते? समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. मग भाईंदरच्या मिठागरांत एक गोण मिठासाठीं किती पाणी आटावें लागेल, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें काढावें. उत्तनच्या सुक्या बोंबलाचा भाव गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत किती वाढतो, याचा हिशेब वाणिज्याच्या विद्यार्थिनीनें मांडावा. वृद्ध कोळी मंडळींच्या तोंडचे वाऱ्याचे व भरतीचे शब्द कलाशाखेच्या विद्यार्थ्यानें टिपून ठेवावे. मग तिघांनीं एकत्र बसून आपापल्या वह्या एकमेकांस वाचून दाखवाव्या.

अकरावी-बारावीस पर्यावरण शिक्षणाचा प्रकल्प आजही करावा लागतो. तो पुष्कळदां दुसऱ्याच्या वहीवरून उतरविला जातो, हें आपण सारे जाणतों. असें करणारा विद्यार्थी गुण मिळवितो, पण आलेली संधि गमावतो.

गुण नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रवेश त्यांवरच मिळतो. आमची पालकांस एवढीच विनंती आहे कीं, क्लासच्या धांवपळींतून आठवड्याची एक सकाळ मुलांस मोकळी द्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत आपल्या गांवाविषयीं एकच प्रश्न निवडा, त्याचें उत्तर स्वतः शोधा आणि पुढील वर्षीं तें याच अंकासाठीं लिहून पाठवा.